जीपगाडीस दुसरी बॅटरी

रात्रीं शिवारांत जीपच्या बॅटरीवर दिवे व फवारणीचा पंप चालविणारे शेतकरी बंधु आम्ही पुष्कळ पाहतों. मग पहांटे एंजिन चालूं होत नाहीं. अशा वेळीं कोणास सर्पदंश झाला तर गाडी असून नसल्यासारखीच! पण पहिलीस दुसरी बॅटरी नुसती जोडून देणें हा उपाय नव्हे; तशानें दोन्ही एकदम उतरतात. दोहोंमध्यें आपोआप जोडतोड करणारा आयसोलेटर हवा. एंजिन चालूं होऊन विजेचा दाब सुमारें १३.३ व्होल्टांवर गेला म्हणजे तो दोन्ही जोडतो, १२.८ च्या खालीं आला कीं तोडतो. दिवे व पंप दुसरीवरच ठेवावे, आणि प्रत्येक बॅटरीच्या धन टोकाजवळ फ्यूज घालावा. आमच्या मतें हा खर्च चैनीचा नसून खबरदारीचा आहे. पहिली बॅटरी म्हणजे घरांतलें बियाणें. तें खाण्यास काढूं नये.