भाऊबीज आणि ३६० अंश

एखादा वक्ता सभेत आवेशाने सांगतो, "निवडणूक झाली आणि पुढाऱ्यांचे मत ३६० अंशांनी बदलले!" अशा वेळी मराठीचा मास्तर असूनही मला भूमितीची दया येते. ३६० अंश फिरलेला माणूस निघाला तिथेच परत येतो. तोंड फिरवायला १८० पुरतात. (पुढाऱ्यांच्या बाबतीत वक्त्याचेच खरे असेल, हा भाग निराळा!)

पण ३६०च का? हा प्रश्न माझ्या भाचीचा. भाऊबीजेला मी साताऱ्याहून सांगलीला जातो. एका दिवाळीत अंगणात रांगोळी काढता काढता तिने विचारले, "मामा, सरळ शंभर अंश का नाही केले? हिशेब सोपा झाला असता."

केले असते तरी चालले असते. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर तिथल्या पंडितांनी काटकोनाचे १०० आणि वर्तुळाचे ४०० भाग करून पाहिले. पण ते शाळाशाळांतून रुजले नाहीत. बाबिलोनी लोक साठाच्या पटीत मोजत. आकाशचक्राचे ३६० भाग त्यांनीच पाडले. ऋग्वेदातल्या अस्यवामीय सूक्तातही कालचक्राला ३६० खुंट्या आहेत. वर्षाचे ढोबळ दिवस तेवढेच. शिवाय हा आकडा वाटणीला उदार. १ ते १० पैकी एकटा ७ सोडला, तर सर्वांनी त्याला निःशेष भाग जातो. शंभराला साधा तीननेही जात नाही.

आकडा असा माणसाने ठरवला, पण बेरीज त्याने ठरवलेली नाही. एका भाकरीचे चार तुकडे करा की चाळीस, भाकरी तेवढीच राहते. बिंदूभोवतालच्या कोनांचेही तसेच. रांगोळीच्या ठिपक्याभोवती समभुज त्रिकोण सहाच बसतात, चौकोनी फरश्या चारच, मधाच्या पोळ्यातली षट्कोनी घरे तीनच. सारख्या बाजूंचे आणि सारख्या कोनांचे तीन पंचकोन मांडले, तर ३६ अंशांची फट उरते आणि चौथा तिथे मावत नाही. इथे गवंड्याचे कसबही चालत नाही. एक कोन वाढला, की शेजारचा तेवढाच आक्रसतो.

वडिलांच्या घराची वाटणी झाली तेव्हा आम्ही भावंडांनी हेच अनुभवले. जागा तेवढीच, कुणाचा वाटा हातभर वाढला, तर तो दुसऱ्याच्या वाट्यातूनच येणार. त्या वेळी बहिणीने आपला कोन थोडा आवरून घेतला, म्हणून आमच्याकडे भाऊबीज टिकली.

आणि भाऊबीज तरी काय? तीही एक कोनच आहे! चंद्र सूर्याच्या पुढे १२ अंश सरकला, की एक तिथी होते. अशा ३० तिथींचे ३६० अंश. लक्ष्मीपूजनाची अमावास्या संपते त्या क्षणी हा फेरा पुरा होतो आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. पहिल्या १२ अंशांत पाडवा, १२ ते २४ अंशांत भाऊबीज. भावाला गाडी मिळो न मिळो, चंद्र तेवढे अंतर चालतोच.

हाच फेरा आमच्या दोन गावांतही आहे. पृथ्वीच्या गिरकीचे ३६० अंश २४ तासांत वाटले, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटे येतात. सातारा सुमारे ७४ रेखांशावर, सांगली त्याच्या पूर्वेला अर्ध्या अंशाहून थोडी अधिक. घड्याळे दोन्हीकडे साडेब्याऐंशी रेखांशाची एकच वेळ दाखवतात. पण सूर्य सांगलीच्या माथ्यावर साताऱ्याच्या दोन मिनिटे आधी येतो. भाचीला हे फार आवडले. "म्हणजे आईचा सूर्य तुमच्या आधी!" ती म्हणाली.

बहीण थोरली आहे. तो मान तिचाच.