सूर हवा, गाणारी नको!

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे १९६०-७० च्या दशकांतील सोल आणि फंक संगीत पुन्हा जिवंत करणारा बँड म्हणून 'शेरॉन जोन्स अँड द डॅप-किंग्ज'चे नाव जगभर घेतले जाते. जुन्या पद्धतीने टेपवर केलेले ध्वनिमुद्रण, तोच ठेका, ट्रम्पेट-सॅक्सोफोनचा तोच ठसका. रसिकांनी त्यांना डोक्यावर घेतले. पण ज्या समाजाचे हे संगीत, त्याच्या लेकीला काय सोसावे लागले?

शेरॉन जोन्स यांचा जन्म १९५६ चा, जॉर्जियातील ऑगस्टाचा. चर्चमध्ये गात त्या वाढल्या. आवाज खणखणीत. तरी संगीत कंपनीच्या एका अधिकाऱ्याने त्यांना सुनावले की तू फार काळी, फार जाड, फार बुटकी आणि वयानेही जास्त! हे त्यांनीच जगाला सांगितले. गुणवत्तेच्या नावाने ऊर बडवणाऱ्यांनी उत्तर द्यावे, या निकालात आवाजाबद्दल एक तरी शब्द आहे काय? पोटासाठी त्यांनी रायकर्स आयलंडच्या तुरुंगात रक्षकाची नोकरी केली, पैशांच्या गाडीवर पहारा दिला. बँडसोबतचा पहिला अल्बम आला तो २००२ साली, पंचेचाळिशी उलटल्यावर.

ब्रुकलिनची डॅपटोन ही कंपनी गोऱ्या वादकांनी काढली. परंतु त्यांनी गोरा चेहरा न शोधता जोन्स यांनाच पुढे उभे केले, हे मान्य केले पाहिजे. बाजाराने मात्र आपला गुण दाखवलाच. याच डॅप-किंग्जनी गोऱ्या इंग्रज गायिका एमी वाईनहाऊस यांच्या २००६ च्या 'बॅक टू ब्लॅक'मध्ये साथ केली. २००८ साली एमींना पाच ग्रॅमी मिळाले. जोन्स यांच्या बँडला २०१४ च्या अल्बमसाठी नामांकन मिळाले, ग्रॅमी नाही. २०१६ साली कर्करोगाने त्या गेल्या. एमींची प्रतिभा खोटी नव्हती. प्रश्न त्यांचा नाही, दार कोणासाठी आधी उघडते याचा आहे.

दुसरी गोष्ट श्रेयाची. जेम्स ब्राऊन यांच्या १९७० च्या 'फंकी ड्रमर'मधील क्लाईड स्टबलफिल्ड यांचा ठेका पुढे शेकडो गाण्यांनी उचलला. पण गीतकार म्हणून नाव होते एकट्या ब्राऊन यांचे. ठेका वाजवणाऱ्याच्या हाती फारसे काही आले नाही.

१९७२ साली दलित पँथरने ब्लॅक पँथरवरून नाव घेतले. त्या नात्याने हा धडाही आपलाच आहे. आपल्या शाहिरांची, गायकांची, ढोलकीवाल्यांची गाणी नव्या वाद्यांवर जरूर वाजवा. पण त्यांचे नाव छापा, मानधन द्या, आणि तेही त्यांच्या हयातीत! सूर जपला आणि माणूस विसरला, तर त्याला पुनरुज्जीवन म्हणता येणार नाही.