ती सांगत्ये, आपण ऐकतोय का?

‘वाचायला वेळच मिळत नाही गं!’ हे वाक्य आपण इतकी वर्षं म्हणत आलोय की ती आता तक्रार राहिलेली नाही, सवय होऊन बसलीय. लग्नाआधी वाचनालयाचं कार्ड असणारी, दिवाळी अंकांवर तुटून पडणारी मुलगी संसारात पडते आणि तिचं वाचन रविवारच्या पुरवणीवर येऊन थांबतं. पण गेल्या काही वर्षांत या तक्रारीला एक वेगळंच उत्तर मिळू लागलंय. पोळ्या लाटताना, लोकलमध्ये लटकताना, संध्याकाळी बागेत फेऱ्या मारताना बायकांच्या कानात आता नुसती गाणी नसतात. कुणाच्या कानात एखाद्या बाईची अख्खी जन्मकथा चालू असते!

२०१६ नंतर मोबाइलवरचं इंटरनेट स्वस्त झालं. २०१७च्या अखेरीस स्टोरीटेल ही स्वीडनची कंपनी भारतात आली, ती इंग्रजी आणि हिंदीच्या जोडीला मराठी पुस्तकं घेऊनच. मग इतरही अॅप आली. ‘ऑडिओ बुक’ हा शब्द महिला मंडळापासून भिशीपर्यंत पोचला. कादंबऱ्या, रहस्यकथा हे सगळं ऐकलं जातंच; पण चरित्रं, आत्मचरित्रं आणि आठवणी ऐकणाऱ्या बायका भेटल्या की त्यांच्या बोलण्यात एक वेगळाच सूर लागतो. ‘पुस्तक ऐकलं’ असं त्या म्हणत नाहीत. ‘परवा तिचं सगळं ऐकून घेतलं’ असं म्हणतात. शेजारणीचं ऐकून घ्यावं, तसं.

असं का होत असावं? आणि यातून आपल्या हाती नेमकं काय लागतं?

हात कामात, कान मोकळे

पहिलं उत्तर अगदी व्यवहारातलं आहे. केंद्र सरकारने २०२४ मध्ये केलेल्या वेळवापर सर्वेक्षणात, देशात बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात असं दिसलं. म्हणजे जवळजवळ पाच तास. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची सरासरी होती ८८ मिनिटं. २०१९च्या सर्वेक्षणात हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषाने स्वतःची नऊ वाचवली!

या २८९ मिनिटांत हात अडकलेले असतात, डोळे अडकलेले असतात. कान मात्र मोकळे. पुस्तक धरायला हात लागतात, डोळे लागतात, शिवाय ‘बसून काय राहिलीस?’ हे ऐकून घ्यायची तयारी लागते. ऐकायला यातलं काहीच लागत नाही. भांडी घासता घासता बाई मनाने कुठे जाऊन आली, हे कुणाला कळतही नाही. वन बीएचकेमध्ये पाच माणसं राहतात तिथे तिला स्वतःची खोली कुठून मिळणार? कानात मात्र ती मिळते.

पण ही सोय वाटते तितकी सगळ्यांची नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २१ च्या फेरीत, स्वतः वापरते असा मोबाइल असणाऱ्या स्त्रिया देशात सुमारे ५४ टक्केच निघाल्या होत्या. बाकीच्यांचा फोन म्हणजे नवऱ्याचा नाहीतर मुलाचा, तो घरी असेल तेव्हा. त्यामुळे ‘आता काय, सगळ्याच ऐकतात’ असं म्हणण्याची घाई नको.

हे काही नवीन नाही

ऐकणं हा आपल्याकडे बाईचा जुनाच मार्ग आहे. लिहिण्यावाचण्याची बंदी होती तेव्हा जात्यावर ओव्या होत्या. माहेरची ओढ, भावाची वाट, सासूचा जाच, नवऱ्याची मारझोड, सगळं त्यात यायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या आवाजासकट लोकांपुढे आणायला सुरुवात केली. ओवी गाणारी एक असायची आणि जात्याचा खुंटा धरलेली समोरची दुसरी ऐकणारी. ती दुसरी नसती तर पहिलीने इतकं मोकळेपणाने सांगितलं असतं का?

आदित्यराणूबाईची कहाणी आठवून पाहा. व्रत करणारी बाई कहाणी सांगायला कुणीतरी शोधते. मोळीविक्या भेटतो. हातातले अर्धे मोती ती त्याला देते, अर्धे स्वतः घेते आणि कहाणी सांगते. तो मनापासून ऐकतो आणि त्याची लाकडाची मोळी सोन्याची होते! लहानपणी हे ऐकताना मोळीकडेच लक्ष जायचं. आता वाटतं, यातली खरी गोष्ट वेगळीच आहे. मोती अर्धे अर्धे वाटून घेतल्याशिवाय कहाणी पुरी होत नाही. सांगणारीइतकाच ऐकणाऱ्याचाही त्यात वाटा आहे.

कुणाचं ऐकायचं?

मराठी बाईने या बाबतीत आपल्याला भरभरून दिलंय. रमाबाई रानडे यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१० साली आलं. लग्न झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या, अक्षरओळखही नव्हती. पुस्तक लिहिलं ते न्यायमूर्तींच्या आठवणी म्हणून. पण ऐकताना कान नेमके कुठे टवकारतात? त्यांच्या शिकण्यावरून घरातल्या बायकाच त्यांना टोमणे मारत आणि त्या गप्प राहत, त्या जागी. शिकवणारा नवरा आणि बोलणारं घर, यांच्या मधोमध ती मुलगी उभी आहे. नोकरीवरून उशिरा घरी येणाऱ्या आजच्या सुनेला ती जागा समजावून सांगावी लागत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालं. वडिलांचं टोकाचं सोवळं, नवऱ्याचा विक्षिप्तपणा, त्याने केलेलं धर्मांतर, त्यानंतरची ताटातूट. रडायला भरपूर कारणं होती. आणि ही बाई हसवते! ते मुळात बोलण्यातलंच गद्य आहे, त्यामुळे मोठ्याने वाचलं की खुलतं. आपल्यावर गुदरलेल्या प्रसंगाकडे बघून आपल्यालाच हसू येऊ शकतं, ही केवढी मोठी सुटका आहे! दुःख कमी होत नाही, पण त्याची दहशत कमी होते.

हंसा वाडकरांच्या आत्मकथनाचं तर नावच ‘सांगत्ये ऐका’. ते १९७० साली पुस्तकरूपात आलं. त्या सांगत गेल्या आणि अरुण साधूंनी शब्दांत उतरवलं. पुढे १९७७ साली त्यावरून श्याम बेनेगलांचा ‘भूमिका’ आला. इतक्या मोठ्या नटीच्या हातात स्वतःच्या कमाईचा पैसाही राहत नव्हता, हे ऐकताना आपलं एटीएम कार्ड कुणाच्या पाकिटात असतं, हा प्रश्न आपोआप पडतो. पडायलाच हवा.

आणि बेबीताई कांबळे. फलटणला छोटंसं दुकान चालवणाऱ्या बाई. सामान बांधायला येणारी रद्दी आधी वाचायच्या, मग बांधायला घ्यायच्या. लिहू लागल्या तेही घरच्यांपासून लपवून, आणि वर्षानुवर्षं लपवून ठेवलं. ‘जिणं आमुचं’ पुस्तक होऊन आलं १९८६ साली. त्यात ‘मी’ कमी आणि ‘आम्ही’ जास्त आहे. जातीचा जाच आणि घरातल्या पुरुषाचा जाच, दोन्ही एकाच दमात सांगायची हिंमत आहे. इथे मात्र ‘अगदी माझीच गोष्ट!’ असं सगळ्यांनीच म्हणायची घाई करू नये. आपल्यापैकी काहीजणींच्या आज्या-पणज्या त्या गोष्टीत विहिरीच्या दुसऱ्या बाजूला उभ्या होत्या. ते ऐकताना अवघडल्यासारखं होतं. त्या अवघडलेपणातही अर्थ असतो. दुसरीच्या कथेत आपण नेहमी नायिकाच असू असं नाही.

उर्मिला पवारांनी ‘आयदान’ (२००३) लिहिताना आईच्या बांबूच्या टोपल्या विणण्याशी आपल्या लिहिण्याचं नातं जोडलं. कामात गुंतलेले हात आणि आत चाललेली गोष्ट, ही जोडी किती जुनी आहे बघा.

थोडं सावध राहू या

आता थोडं दुसऱ्या बाजूनेही बोलायला हवं. पहिली गोष्ट, चरित्र म्हणजे प्रेरणेची गोळी नव्हे. ‘पंधरा मिनिटांत थोरामोठ्यांचं आयुष्य’ असल्या सारांशांचा सध्या सुळसुळाट झालाय. गरिबी, जिद्द, यश आणि शेवटी एक उपदेश. ऐकून झाल्यावर उत्साह येतो खरा, पण थोड्या वेळाने ‘मीच कुठेतरी कमी पडले’ अशी टोचणी सुरू होते. खऱ्या आत्मकथनात असं सरळ गणित नसतं. सुनीता देशपांडे यांचं ‘आहे मनोहर तरी’ १९९० साली आलं तेव्हा किती चर्चा झाली! कारण त्यात उत्तर नव्हतं. प्रेम होतं, कर्तबगारी होती आणि हिशेब न जुळल्याची टोचही होती. अर्थ सापडतो तो अशा न जुळलेल्या जागी.

दुसरी गोष्ट वेगाची. वेळ वाचवायला दीडपट, दुप्पट वेगाने ऐकण्याची सोय असते. बातम्या ऐकायला ती ठीक आहे. पण एखादी बाई आपल्या मेलेल्या लेकराबद्दल सांगताना जिथे थांबते, तो थांबा आपण कापून टाकला तर ऐकलं काय? आवाजाचंही तसंच. शांताबाई कांबळे यांच्या ‘माज्या जल्माची चित्तरकथा’मधली बोली पुस्तकी उच्चारांत धुऊन-पुसून वाचली तर शब्द उरतील, बाई उरणार नाही. कोण वाचतंय, कुठल्या हेलात वाचतंय, हे श्रोत्यांनी विचारलं पाहिजे. आपण विचारलं तर कंपन्या ऐकतील.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. कानात पुस्तक आहे म्हणून २८९ मिनिटांचं ओझं हलकं वाटू लागलं, तर एक धोका आहे. ओझं हलकं वाटणं आणि ओझं कमी होणं यांत फरक आहे. रमाबाई, बेबीताई यांचं ऐकत ऐकत आपण निमूटपणे सगळ्यांचे डबे भरत राहिलो, तर त्या बायकांनी सांगितलं कशासाठी? कधीतरी काहीच न करता, पाय पसरून, भर दुपारी ऐकायला बसावं. ‘काय करतेयस?’ असं कुणी विचारलं तर ‘ऐकतेय’ म्हणावं. आणि तेवढ्या वेळात कुकर दुसऱ्या कुणीतरी लावावा.

एकटीने आणि मिळून

ओवी दोघी मिळून गायच्या, कहाणी चारचौघींत व्हायची. इअरफोन लावून ऐकणं मात्र एकटीचं. त्यात खासगीपणाचं सुख आहे, पण ऐकलेलं आतल्या आत साठून राहतं. आमच्या ओळखीच्या एका सोसायटीतल्या काही बायकांनी यावर साधा तोडगा काढलाय. पंधरा दिवसांतून एकदा जमायचं, एखाद्या आत्मकथनातला वीस मिनिटांचा भाग स्पीकरवर एकत्र ऐकायचा आणि मग बोलायचं. नियम एकच, ‘त्या बाईने असं करायला नको होतं’ म्हणायचं असेल तर आधी आपण तिच्या जागी काय केलं असतं ते सांगायचं. त्यांच्यातल्या साठीच्या एक काकू मला म्हणाल्या, ‘इतकी वर्षं वाटायचं, माझ्याच नशिबी हे आलं. ऐकल्यावर कळलं, हे नशीब नव्हतं, रीत होती. आणि रीत बदलता येते.’ पुस्तकाचा याहून नेमका उपयोग कुणी सांगेल असं मला वाटत नाही.

ज्या फोनवर आपण थोरामोठ्यांची चरित्रं ऐकतो, त्याच फोनमध्ये आवाज रेकॉर्ड करायचं बटण असतं. घरात आई असते, सासू असते, आत्या असते, गावाकडे एखादी मावशी असते. त्यांच्या रेसिपी आपण विचारून घेतो, लोणच्याचं प्रमाण लिहून घेतो. पण ‘तुम्हाला पुढे शिकायचं होतं का?’, ‘लग्न ठरलं तेव्हा कुणी विचारलं होतं का?’, ‘पहिला पगार कुणाच्या हातात दिलात?’ हे विचारायचं राहूनच जातं. विचारलं तर आधी म्हणतील, ‘माझ्यात काय आहे सांगण्यासारखं?’ लिहित्या झालेल्या बायकांनाही सुरुवातीला बहुधा असंच वाटलं असेल.

तेव्हा या महिन्यात एक आत्मकथन जरूर ऐका. आणि ते संपलं की घरातल्या एकीला समोर बसवा, चहा तुम्ही करा, फोनचं बटण दाबा आणि म्हणा, ‘तुम्ही सांगा, मी ऐकत्ये.’ मध्ये बोलू नका. ती थांबली तर तुम्हीही थांबा. तिची पिढी हातची निसटत चालली आहे आणि तिच्या ओव्या गोळा करायला बाहेरून कुणी येणार नाही.