उशीर नेमका कुठे होतो?

ऑप्टिकल फायबरचं प्रॅक्टिकल कसं 'होतं' हे हॉस्टेलवाल्यांना वेगळं सांगायला नको. फायबरमधला प्रकाशाचा वेग पुस्तकात दिलेला असतो, सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर. त्यावरून उलटी आकडेमोड करून रीडिंग बसवायची आणि सबमिशनच्या आदल्या रात्री एकच जर्नल विंगभर फिरवायचं! माझं स्पष्ट मत आहे, यात प्रॅक्टिकलचा खरा भागच हातातून जातो.

लेसर डायोडला करंट दिला की प्रकाश लगेच येत नाही. आधी कॅरिअर्स जमून थ्रेशोल्ड गाठावा लागतो. शून्यावरून एकदम थ्रेशोल्डच्या दुप्पट करंट दिला आणि कॅरिअर लाइफटाइम २ नॅनोसेकंद धरला, तर हा उशीर सुमारे १.४ नॅनोसेकंद भरतो. डायोड आधीच थ्रेशोल्डजवळ बायस केला तर तो कमी होतो. पण ३० मेगाहर्ट्झच्या सीआरओचा स्वतःचा राइज टाइमच जवळपास १२ नॅनोसेकंद! त्यावर हे दिसणार कसं?

इथेच डोकं लावायचं असतं. एकदा १ मीटर आणि एकदा १०० मीटर ग्लास फायबर लावा आणि वजाबाकी करा. लेसर, केबल, डिटेक्टर यांचे उशीर दोन्हीत सारखेच, ते कटतात. उरतात ९९ मीटरचे साधारण ४८५ नॅनोसेकंद. मात्र प्रकाश कमी पोचला तर डिटेक्टरला ठरलेली पातळी गाठायला जास्त वेळ लागतो. म्हणून प्रत्येक पल्सच्या निम्म्या उंचीवर वेळ मोजायचा.

ही बारीकशी गोष्ट वाटते ना? २०११ साली 'ऑपेरा' प्रयोगात सर्नहून इटलीतल्या ग्रान सासोला गेलेले न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचल्याचं दिसलं. जगभर खळबळ! २०१२ मध्ये कळलं, की जीपीएसची वेळ आणणाऱ्या फायबरचा कनेक्टर नीट बसलेला नव्हता. प्रकाश कमी आला आणि वेळेचा सिग्नल ७० हून अधिक नॅनोसेकंद उशिरा नोंदला गेला. त्यांनी खरी रीडिंग ठेवली होती, म्हणून चूक सापडली तरी. बसवलेल्या रीडिंगमध्ये सैल कनेक्टर कधीच सापडत नाही.

तेव्हा सर आणि मॅडमना एकच विनंती: उत्तर पुस्तकाशी जुळलं नाही, पण उशीर कुठे झाला हे पोराने शोधलं असेल, तर मार्क कापू नका. मग जर्नल फिरवायची गरज आपोआप कमी होईल.