त्रेसष्टाव्या वर्षीचा सूर

गन्स अँड रोझेसचा गायक अ‍ॅक्सल रोझ २०२५ मध्ये ६३ वर्षांचा झाला आणि त्याचा आवाज १९८७ साली होता तसा राहिलेला नाही. शनिवारी, १७ मे २०२५ रोजी, मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर या बँडचा कार्यक्रम झाला. तेव्हापासून ओळखीतला जो भेटेल तो मला एकच ऐकवतो आहे : ‘आवाज गेलाय गं त्याचा, आणि एकत्र आलेत तेही पैशासाठी.’ दोन्हींत तथ्य आहे. तरीही मी आजवर ऐकलेल्या उत्तम कार्यक्रमांत हा एक होता, आणि तो तसा का होता हे मला नीट मांडायचं आहे.

आमच्या पिढीला हा बँड मिळाला तो केबलवरून. १९९१ मध्ये स्टार टीव्ही आला, त्याच्यासोबत एमटीव्ही आलं आणि नाशिकला आमच्या गल्लीतल्या केबलवाल्यानं गच्च्यागच्च्यांवरून वायरी ओढल्या. मी कॉलेजात होते. ‘नोव्हेंबर रेन’चा जवळजवळ नऊ मिनिटांचा व्हिडिओ १९९२ मध्ये लागायला लागला. उजाड माळावरचं एकटं चर्च, त्याच्या दारातून बाहेर येऊन गिटार वाजवणारा स्लॅश, चेहरा केसांनी झाकलेला. इंग्रजी शब्द अर्धे कळायचे नाहीत, पण त्या गिटारला भाषांतर लागत नव्हतं.

हे गाणं ज्या अल्बममध्ये आहे तो ‘यूज युअर इल्यूजन’ दोन भागांत, सप्टेंबर १९९१ मध्ये एकाच दिवशी आला. प्रत्येक भाग सव्वा तासाचा. मेन रोडवर एक दुकान होतं, तिथं कोरी कॅसेट नेऊन दिली की दोन दिवसांत भरून मिळायची. नव्वद मिनिटांची कॅसेट, म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस. दुकानदारानं सुरुवातीला आपल्या मनानंच दुसऱ्या कुणाचं तरी एक गाणं भरलं होतं. त्यामुळे झालं असं की, पहिली बाजू ‘नोव्हेंबर रेन’मध्येच संपायची. मधला शांत सोलो व्हायचा, वाद्यवृंद चढायला लागायचा आणि शेवटचा तो जोरकस भाग सुरू व्हायच्या आत टेप खट्‌कन थांबायची. कॅसेट उलटली की थेट पुढचं गाणं. या गाण्याचा शेवट ऐकायचा तर टीव्हीवर व्हिडिओ लागायची वाट बघावी लागे, आणि तो लागला तरी केबलवाला वेळेवर दुसरा चॅनेल लावणार नाही याची खात्री नसे. ती कॅसेट मी इतकी वाजवली की आजही हे गाणं कुठंही ऐकलं तरी त्या ठिकाणी माझा कान आपोआप थबकतो.

बँडची मोडतोड तोवर सुरू झालेलीच होती, आम्हाला पत्ता नव्हता. लॉस एंजेलिसमध्ये १९८५ साली जमलेल्या या पाच जणांमधला ड्रमर स्टीव्हन अ‍ॅडलर १९९० मध्ये काढला गेला. अ‍ॅक्सलचा शाळेपासूनचा मित्र, दुसरा गिटारवादक इझी स्ट्रॅडलिन १९९१ मध्ये सोडून गेला. जुलै १९९३ मध्ये ब्युनोस आयर्सला दौऱ्याचा शेवट झाला आणि त्यानंतर जवळपास तेवीस वर्षं अ‍ॅक्सल आणि स्लॅश एका मंचावर उभे राहिले नाहीत. १९९६ मध्ये स्लॅश गेला, पुढच्या वर्षी बेस वाजवणारा डफ मॅकेगन. नाव अ‍ॅक्सलकडे राहिलं. तो नवी नवी माणसं घेत राहिला, आणि ‘चायनीज डेमोक्रसी’ हा अल्बम यायला २००८चा नोव्हेंबर उजाडला.

२०१२च्या डिसेंबरात हा बँड पहिल्यांदा भारतात आला तेव्हा मी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर होते. जुन्यांपैकी फक्त अ‍ॅक्सल आणि कीबोर्डवाला डिझी रीड. तीन-तीन गिटारवादक होते आणि तिघंही कसलेले. एकही सूर चुकला नाही. तरी त्या सोलोंमध्ये मला सारखं वाटत राहिलं की कुणीतरी दुसऱ्याची कविता पाठ म्हणून दाखवतं आहे. स्लॅश एका सुरावर किती रेंगाळतो, कुठं तो सूर जरा उशिरा पकडतो, बोटानं तार दाबून तो किती वर खेचतो, यातलं काहीच कागदावर लिहून ठेवता येत नाही. हे वैभव त्या एका हाताचं आहे.

त्याच सुमारास कुणीतरी अ‍ॅक्सलला विचारलं होतं, जुने सगळे पुन्हा एकत्र येणार का? या जन्मी नाही, असं त्याचं उत्तर होतं. पुढे १ एप्रिल २०१६ रोजी लॉस एंजेलिसच्या ट्रूबाडोर या छोट्याशा क्लबमध्ये अ‍ॅक्सल, स्लॅश आणि डफ पुन्हा एकत्र वाजवायला उभे राहिले, आणि नंतरच्या जगभरच्या दौऱ्याला त्यांनी नाव दिलं तेच : ‘नॉट इन धिस लाइफटाइम’. त्या क्लबमध्येच अ‍ॅक्सलचा पाय मोडला. पुढचे कितीतरी कार्यक्रम त्यानं फू फायटर्सच्या डेव्ह ग्रोलकडून मागून आणलेल्या भल्यामोठ्या खुर्चीत बसून केले. २०१९ पर्यंत चाललेल्या त्या दौऱ्याचं उत्पन्न ५८ कोटी डॉलरांवर गेलं.

म्हणजे पैसा होताच. गाणं हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा आहे आणि त्याचे पैसे घेण्यात मला काहीही गैर दिसत नाही. मला वेगळीच गोष्ट मोठी वाटते. १९९४ मध्ये दारूपायी डफचं स्वादुपिंड फुटलं, तेव्हा तो तिशीचा होता. स्लॅशचं हृदय पस्तिशीतच इतकं थकलं की डॉक्टरांनी आशा सोडली होती; छातीत यंत्र बसवावं लागलं. दोघांनीही व्यसनं सोडली. आपण ज्यांना बघायला जातो ती माणसं जिवंत आहेत, शुद्धीत आहेत आणि हातात वाद्य धरून आहेत, ही या बँडच्या बाबतीत साधी गोष्ट नाही. त्यांच्या बरोबरीच्या कितीतरी जणांच्या वाट्याला हे आलं नाही.

आता आवाजाचं. वयाबरोबर स्वरयंत्रातल्या कूर्चा कडक होत जातात, स्वरतंतूंचे स्नायू बारीक होतात. वरचे सूर आधी जातात. यातून कुणीच सुटत नाही. आपल्याकडे गवई यावर तोड काढतो. पट्टी उतरवून घेतो, तानपुरा खाली लावतो, तानेऐवजी आलापीवर भर देतो. २००७च्या सवाई गंधर्व महोत्सवात पंडित भीमसेन जोशी गायले तेव्हा ते ८५ वर्षांचे होते, आणि त्या मंचावरचं त्यांचं ते शेवटचं गाणं ठरलं. त्या गाण्याबद्दल अजून लोक भारावून बोलतात. त्यांच्या चाळिशीतल्या ताना त्या दिवशी नव्हत्या, म्हणून कुणी हळहळलेलं माझ्या ऐकण्यात नाही. वय झालेल्या गळ्यातून काय येतं ते ऐकायची आपल्या कानांना सवय आहे.

रॉकमध्ये ही सवलत नाही. तिथं गाणं एकदाच रेकॉर्ड होतं आणि मग चाळीस वर्षं लोकांच्या कानात तेच वाजत राहतं. पंचविशीतल्या अ‍ॅक्सलनं स्टुडिओत जी किंकाळी मारली ती त्यानं त्रेसष्टाव्या वर्षी मैदानात, मुंबईच्या मे महिन्यात, जशीच्या तशी मारावी अशी अपेक्षा असते. गिटार तर हे लोक पहिल्या अल्बमपासून अर्धा सूर खालीच लावतात, आणखी किती उतरवणार! त्यात ही गाणी रागासारखी मोकळी नाहीत. विस्तार करायला, वळसा घालायला जागा नाही. तो सूर आला तर आला, नाही तर नाही.

शनिवारी तो कधी आला, कधी नाही. वरच्या पट्टीत आवाज पातळ होत होता, काही ठिकाणी नुसतीच हवा. पण खालच्या सुरांत तो अजून भरदार आहे, आणि जिथं त्यानं ओरडायचं सोडून गायलं तिथं मला तो पूर्वीपेक्षा जास्त आवडला. मुख्य म्हणजे त्यानं कुठंही अंग चोरलं नाही. न पेलणारा सूर टाळून पुढं जाता आलं असतं. तो प्रत्येक वेळी त्या सुराला भिडला. घामानं निथळत, मंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत. मीही आता पन्नाशी ओलांडली आहे, तीन तास उभं राहिलं की गुडघा बोलायला लागतो. त्या माणसाला दम खाऊन पुन्हा वर चढताना बघून माझ्या घशात आवंढा आला.

मैदानात सर्व वयांचे लोक होते. आदल्याच आठवड्यात सीमेवर तणाव होता, आयपीएलसुद्धा थांबलेली आणि नेमकी त्याच दिवशी पुन्हा सुरू होणार होती. कार्यक्रम होतो की नाही अशी धाकधूक शेवटपर्यंत होती. त्यामुळे दिवे गेले आणि पहिली गिटार वाजली तेव्हा जो आवाज उठला त्यात सुटकेचाही भाग असावा. माझ्या शेजारी पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ होते, धुऊन धुऊन विटलेला काळा टी-शर्ट घातलेले. ते सगळी गाणी शब्दन् शब्द म्हणत होते, डोळे मिटून.

आणि मग अ‍ॅक्सल पियानोवर बसला. ‘नोव्हेंबर रेन’. मोठ्या पडद्यावर स्लॅशचा डावा हात जवळून दिसत होता. बोटं जाड झाली आहेत, मनगटावर शिरा उठल्या आहेत. करंगळी तारेवर टेकवून तो सूर हलवत होता, घाई न करता. शांत सोलो झाला. वाद्यवृंदाचे सूर चढले. माझ्या कॅसेटची जागा आली, कान सवयीनं थबकला, आणि एकमेकांपासून बारा-पंधरा पावलांच्या अंतरावर अ‍ॅक्सल आणि स्लॅश दोघं मिळून तिथून पुढं गेले. तो शेवटचा सोलो अंगावर आला तेव्हा मी रडत होते आणि मला ते लपवावंसं वाटलं नाही. तेवीस वर्षं एकमेकांसोबत न वाजवलेली दोन माणसं होती ती. पियानोचा तोच तोच ठेका अ‍ॅक्सल धरून ठेवत होता, आणि त्याच्या आधारानं स्लॅश वर जात होता. आवाज उतरला असेल. हे एकमेकांना ऐकणं मात्र शाबूत आहे. दोघांचंही.

एक सल आहे आणि तो आहेच. इझी नव्हता. पुनर्मीलनात तो कधीच आला नाही. पैशांची वाटणी समान होईना, असं त्यानं स्वतः सांगितलं आहे. अ‍ॅडलर २०१६ मध्ये काही कार्यक्रमांत पाहुणा म्हणून एखाद-दुसरं गाणं वाजवून गेला, तेवढंच. ड्रमवर आता आयझॅक कारपेंटर आहे, मार्च २०२५ मध्ये आलेला, आणि तो चांगला वाजवतो. इझीची जागा रिचर्ड फोर्टस गेली वीसहून अधिक वर्षं सांभाळतो आहे, मनापासून. तरी पहिल्या अल्बममधल्या बऱ्याचशा गाण्यांचा सांगाडा इझीच्या हातचा आहे. तो कधी पुढं येत नसे, स्लॅशसारखी उंच हॅट नाही, सोलो फारसे नाहीत, म्हणून त्याची आठवण कमी निघते. मला तो हवा होता. शनिवारीही हवा होता.

माझी भाची सोबत होती, वीस वर्षांची. तिला यातली तीनच गाणी आधी ठाऊक होती. परतताना महालक्ष्मी स्टेशनात इतकी गर्दी की दोन गाड्या सोडाव्या लागल्या. तिसरीत कशाबशा चढलो. दाराशी उभं राहून तिनं विचारलं, ‘मावशी, मी सुरुवात कुठून करू? इल्यूजनपासून?’

‘नाही,’ मी म्हटलं. ‘पहिला अल्बम लाव, ‘अ‍ॅपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन’. आणि फोनच्या स्पीकरवर नको, हेडफोन घाल. एका कानात स्लॅश आहे, दुसऱ्या कानात इझी. पहिल्यांदा फक्त इझीचा कान ऐक, अख्खा अल्बम. मग दोन्ही.’