गाडी तापवताना

पुण्यात थंडी पडली की आमच्या सोसायटीत सकाळी गाड्या पाच-पाच मिनिटं जागच्या जागी घुरघुरत असतात. बाबाही त्यांची फियाट अशीच तापवायचे, चोक ओढून, कान देऊन. तेव्हा कार्ब्युरेटर होता, गरजच होती. आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचं प्रमाण कॉम्प्युटर ठरवतो. 30 सेकंद थांबावं आणि पहिले एक-दोन किलोमीटर सावकाश चालवावी. उभ्या गाडीपेक्षा चालत्या गाडीचं इंजिन लवकर तापतं.

हे कळूनही मी बाबांची सवय सोडली नव्हती. परवा तळमजल्यावरच्या काकूंनी माझ्याकडे न बघता खिडकी लावून घेतली. त्यांना दमा आहे. फार लाज वाटली. बाबांकडून गाडीला जपणं घ्यावं, धूर कशाला? असो.