जुना गिअर बॉक्स : उघडून पाहण्याची मजुरी कोण देणार?

जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह पिकअपचा गिअर बॉक्स गेला की मालक दोनच आकडे विचारतो. भंगार बाजारात जुना बॉक्स केवढ्याला मिळेल, आणि मिस्त्री बसवायचे किती घेईल? तिसरा आकडा मालक विचारत नाही आणि मिस्त्री सांगत नाही. तो आहे, आणलेला बॉक्स बसवण्यापूर्वी उघडून पाहण्याच्या मजुरीचा. आपल्या गॅरेज व्यवसायातले पुष्कळसे तंटे या न आकारलेल्या मजुरीतूनच उभे राहतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोकणात जांभ्या दगडाच्या चढावरून आंब्याच्या पेट्या उतरवणारी बोलेरो कॅम्परसारखी गाडी घ्या. साध्या पिकअपचा बॉक्स काढणे आणि हिचा काढणे यात फरक आहे. हिच्या बॉक्सला मागून ट्रान्सफर केस जोडलेला असतो. पुढचा आणि मागचा असे दोन्ही प्रोपेलर शाफ्ट सोडवायचे, जास्तीचा लिव्हर काढायचा, खालचा आडवा आधार उतरवायचा आणि मग ते सगळे धूड जॅकवर तोलून खाली घ्यायचे. एकट्याचे काम नव्हे. एवढे करून आणलेला बॉक्स चढवला आणि पहिल्याच घाटात दुसरा गिअर आपोआप सुटू लागला, तर सगळी काढ-घाल नव्याने. मालक मिस्त्रीला धरतो, मिस्त्री दुकानदाराकडे बोट दाखवतो, दुकानदार म्हणतो जुन्या मालाला गॅरंटी नसते. या वादात एप्रिल-मेचा हंगाम जातो, आणि तो कोणी भरून देत नाही.

मुळात बिघाड बॉक्सचाच आहे का, हे आधी ठरले पाहिजे. गाडी उभी, न्यूट्रल, इंजिन चालू: क्लच सोडल्यावर आवाज येतो आणि दाबल्यावर थांबतो, तर संशय बॉक्सच्या पुढच्या बेअरिंगवर. उलट क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल तर बहुधा रिलीज बेअरिंग. सगळेच गिअर अडखळत पडत असतील तर क्लच पुरता सुटत नसेल. ड्रायव्हरने पक्क्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील तशीच लावून ठेवली, तरी लिव्हर अडकतो, कारण पुढच्या-मागच्या चाकांचा ताण शाफ्टमध्ये साठतो. यात बॉक्सचा दोष काय? अशा वेळी बॉक्स बदलून देणे म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे पाण्यात घालणे.

बदलायचाच ठरला, तर झाकण उघडून दात पाहावेत, पितळी सिंक्रो रिंगा किती झिजल्या ते पाहावे, शाफ्ट हाताने हलवून बेअरिंगची ढिलाई तपासावी. ऑइल काढताना मॅग्नेटवर बारीक काळा लगदा आला तर घाबरू नये. पोलादाचा तुकडा आला तर बॉक्स परत करावा. दुकानदार ‘सेमच आहे’ म्हणून साध्या पिकअपचा बॉक्स देतो. फोर-व्हीलच्या बॉक्सचा मागचा शाफ्ट आणि मागचे आवरण बहुधा वेगळे असते. म्हणून जुना बॉक्स शेजारी ठेवूनच खरेदी करावी. पुढच्या शाफ्टचे खाचे मोजावेत, लांबी मोजावी.

बॉक्स खाली असतानाच क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि इंजिनचे मागचे सील पाहून घ्यावे. जो भाग जेमतेम आहे तो त्याच वेळी बदलावा; वाचवलेले पैसे पुढच्या काढ-घालीत दुप्पट जातात. चढवताना बॉक्सचा भार क्लच प्लेटवर लोंबकळू देऊ नये आणि बोल्ट आवळून बॉक्स ओढून घेऊ नये. बॉक्सचे आणि ट्रान्सफर केसचे ऑइल वेगळे भरावे लागते. मधले सील गेले तर एकातले दुसऱ्यात उतरते, आणि वरवर ठीक दिसणारा बॉक्स कोरडा पडून जळतो. ऑइल कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या दर्जाचेच घालावे. जीएल-४ च्या जागी ‘जास्त भारी’ म्हणून जीएल-५ ओतणारे उस्ताद आहेत. त्यातली काही ऑइले पितळी रिंगांना मानवत नाहीत.

मिस्त्री बांधव म्हणतील, तपासणीचे पैसे मागितले तर गिऱ्हाईक शेजारच्या गॅरेजात जाईल. काही जातील, हे खरे. पण अंदाजपत्रकात ‘बॉक्स उघडून तपासणे’ अशी स्वतंत्र ओळ लिहा, तिच्यापुढे रक्कम टाका. मालक नको म्हणाला तर ‘मालकाच्या सांगण्यावरून न उघडता बसवला’ असे लिहून त्याची सही घ्या. सही करताना बरेच जण विचार बदलतील.

मालकांनीही दुकानाचे बिल मागावे आणि त्यावर बॉक्सच्या आवरणावरचा नंबर लिहून घ्यावा. आरसी बुकात इंजिन आणि चेसिसचा नंबर असतो, गिअर बॉक्सचा नसतो. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा २०२३ च्या भारतीय न्याय संहितेनेही गुन्हाच आहे, आणि उद्या पोलीस दारात आले तर तो भाग कुठून आणला हे दाखवायला आपल्या हातात तेवढा एकच कागद असतो.